मॅकेनची बंडखोरी: स्वभाव की बसवरची पाटी?

कोयनाकाठ
परवा गप्पांत जॉन मॅकेनचा विषय निघाला आणि एका मित्राने ठरलेलं वाक्य टाकलं, ‘अमेरिकेतला शेवटचा सरळ राजकारणी.’ मला हे अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा.

टेक्सासात सॅम्युएल मॅव्हरिक नावाचा एक जमीनदार होता. तो आपल्या गुरांना डाग देत नसे. त्यावरून कुणाचाच डाग नसलेलं वासरू म्हणजे मॅव्हरिक, आणि पुढे कळपात न राहणारा बंडखोर माणूसही. ॲरिझोनाच्या या रिपब्लिकन सिनेटरने ते बिरुद आयुष्यभर मिरवलं. २००० साली अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उतरला, तेव्हा प्रचाराच्या बसला नावच दिलं ‘स्ट्रेट टॉक एक्स्प्रेस’. आणि त्याच प्रचारात साउथ कॅरोलायनात काय झालं? तिथल्या राजधानीत, कोलंबियाच्या विधानभवनावर तेव्हा कॉन्फेडरेट झेंडा, म्हणजे यादवीत गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणेचा झेंडा, फडकत होता. आधी हा म्हणाला, तो वंशद्वेषाचं आणि गुलामगिरीचं प्रतीक आहे. बोंब झाल्यावर म्हणाला, वारशाचं प्रतीक आहे. नंतर कुणी विचारलं की खिशातून कागद काढायचा आणि त्यावरचं निवेदन वाचून दाखवायचा. सरळ बोलणाऱ्याला कागद कशाला लागतो?

पुढे जेरी फॉलवेल आणि पॅट रॉबर्टसन या धर्मप्रचारकांना ‘असहिष्णुतेचे हस्तक’ म्हणाला, आणि २००६ मध्ये, दुसऱ्या स्वारीची तयारी सुरू असताना, फॉलवेलच्याच लिबर्टी विद्यापीठात पदवीदानाचं भाषण ठोकून आला. २०१० मध्ये सिनेटची जागा धोक्यात दिसली, तर स्थलांतर सुधारणेसाठी डेमोक्रॅट सिनेटर टेड केनेडींबरोबर खपलेला हाच माणूस जाहिरातीत सीमेवरचं कुंपण पुरं करा म्हणू लागला. वर, मी स्वतःला कधी मॅव्हरिक समजलोच नाही, असंही सांगून टाकलं!

नॅशुआचा_बर्फ
कोयनाकाठ, कागद तुम्हाला दिसला. मला तो माणूस दिसला होता.

२००० च्या जानेवारीत मी न्यू हॅम्पशरमध्ये नोकरीला होतो. एच-१ व्हिसावर, म्हणजे मत नाहीच. ऑफिसातल्या एकाबरोबर सहज सभेला गेलो. लोखंडी घडीच्या खुर्च्या, स्वेटर-जाकिटांचा ओला वास, आणि मध्ये माइक घेऊन फिरणारा हा. हात खांद्याच्या वर जात नसत. व्हिएतनाममध्ये साडेपाच वर्षांच्या कैदेतली देणगी. एका म्हाताऱ्याने औषधांच्या किमतीवरून चांगलंच धारेवर धरलं. मॅकेनने उत्तर दिलं, म्हातारा तरी बसेना, मॅकेननेही माइक काढून घेतला नाही. अशा शंभरावर सभा त्याने त्या एका राज्यात घेतल्या. बसमध्ये मागच्या कोचवर पत्रकारांना बसवून दिवसभर बोलायचा, काहीही विचारा. पक्षातला प्रतिस्पर्धी जॉर्ज बुश, त्याच्यापेक्षा १८ टक्के जास्त मतं घेऊन तिथे जिंकला तो उगाच नाही.

आणि तुमची झेंड्याची गोष्ट अर्धीच आहे. हरल्यावर, त्याच एप्रिलमध्ये, तो पुन्हा साउथ कॅरोलायनात गेला आणि जाहीरपणे म्हणाला की मी जिंकण्यासाठी खोटं बोललो.

कोयनाकाठ
हरल्यावर. तेच तर म्हणतोय!

शांभवी
तिथे त्याच्याशी काय झालं तेही सांगा ना. मॅकेन जोडप्याने बांगलादेशातल्या अनाथाश्रमातून मुलगी दत्तक घेतली होती. साउथ कॅरोलायनात कुजबुज पसरवली गेली, फोन गेले, की हे त्याचं अनौरस कृष्णवर्णीय मूल आहे. पोरीचा रंग प्रचारात वापरला. ५३ विरुद्ध ४२ ने हरला तो.

खवचट_आजोबा
शांभवीताई, ते घाणेरडंच होतं, दुमत नाही. पण हरण्याचं गणित वेगळं आहे. न्यू हॅम्पशरमध्ये पक्षनोंदणी नसलेल्यांनाही प्राथमिक फेरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, मत देता येतं. मिशिगनमध्ये तर डेमोक्रॅटही येऊन मत देऊन गेले, म्हणून साउथ कॅरोलायनानंतर तीनच दिवसांत तो तिथे जिंकला. जिथे पक्षाची घरची माणसंच मोजायची, तिथे बहुतेक ठिकाणी बुश. पक्षावर तोंडसुख घ्यायचं आणि त्याच पक्षाकडे उमेदवारी मागायची, तर पंगतीत बसून वाढप्याला शिव्या देण्यासारखंच. ७ मार्चच्या सुपर ट्यूसडेला, म्हणजे एकाच दिवशी अनेक राज्यांत मतदान झालं तेव्हा, पानच उचललं, दोन दिवसांत माघार.

२००८ ला उमेदवारी मिळाली ती शिव्या कमी केल्यावर. बाकी २००७ च्या उन्हाळ्यात प्रचाराची तिजोरी रिकामी, माणसं सोडून गेलेली, आणि सत्तरीचा हा गडी स्वतःची बॅग ओढत विमानतळावर, याचं मलाही कौतुक आहे.

नॅशुआचा_बर्फ
आणि लेकव्हिलचं काय? ऑक्टोबर २००८, मिनेसोटा. हरणार हे दिसत होतं. सभेत एक बाई म्हणाली, ओबामावर माझा विश्वास नाही, तो अरब आहे. याने मान हलवली, माइक परत घेतला आणि म्हणाला, नाही बाई, तो सभ्य कुटुंबवत्सल गृहस्थ आहे, माझे त्याच्याशी मूलभूत मतभेद आहेत इतकंच. स्वतःच्याच लोकांनी हुर्यो केली. इथे मतं कुठे मिळत होती?

शांभवी
मी मॅकेनच्या बाजूची, तरी हे उत्तर मला खुपतं. ‘अरब नाही, सभ्य आहे’ म्हणजे? अरब सभ्य नसतात? घाईत बोलला असेल. पण न्यू जर्सीत आमच्या शेजारच्या अरब मैत्रिणीला ते लागलं होतं, मी बघितलंय.

कोयनाकाठ
लेकव्हिलचे गुण देतो. पण ती सभा तशी का झाली होती? दीडच महिना आधी सारा पेलिनना उपाध्यक्षपदासाठी आणून तो जमाव यानेच तापवला. मनात सिनेटर जो लिबरमन होते, ते न घेतल्याची खंत त्याने शेवटच्या पुस्तकात लिहिलीये. पुन्हा तेच, पश्चात्ताप निकालानंतर.

नॅशुआचा_बर्फ
बरं, मग पैशाचं बोलू. २००२ मध्ये डेमोक्रॅट सिनेटर फाइनगोल्डबरोबर पक्षांच्या अमर्याद देणग्यांवर बंदी आणणारा कायदा याने केला. २००८ ला ओबामांनी सरकारी निधी नाकारून वाट्टेल तितकं जमवलं. याने सरकारचे ८ कोटी ४१ लाख डॉलर घेतले आणि मुख्य लढतीत त्या मर्यादेत राहिला. हे निकालाआधी, स्वतःच्या खिशाला खार लावून.

कोयनाकाठ
त्याच वर्षी प्राथमिक फेरीसाठी सरकारी निधीचा अर्ज केला होता आणि जिंकायला लागल्यावर तो मागे घेतला, तेही निकालाआधीच.

खवचट_आजोबा
घ्या. दोघांच्याही खिशात कागद आहेत.