आर (R) या संगणकभाषेत संदर्भसूची: ‘वि. का. राजवाडे’ऐवजी ‘राजवाडे वक’ येतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

प्रबंधाची संदर्भसूची निस्तरतोय. दोनशेच्या आसपास नोंदी, निम्म्या मराठी. सगळ्या एक्सेलमध्ये, कारण आमच्या सरांना तेच उघडता येतं. त्या आरमध्ये घेऊन बिबएन्ट्री (आरमधली संदर्भाची एकेक नोंद) करायच्या आणि बिबटेक फाइल (संदर्भ साठवायची ठरावीक साच्याची फाइल) काढायची, एवढंच काम. अख्खा रविवार गेला.

आधी लेखकांनी छळलं. रकान्यातलं नाव जसंच्या तसं दिलं की आर स्वल्पविरामावर किंवा इंग्रजी ‘अँड’वर माणूस तोडतो. ‘राजवाडे, विश्वनाथ काशिनाथ’ यांचे दोन लेखक झाले. ‘डिरेक्टोरेट ऑफ इकॉनॉमिक्स अँड स्टॅटिस्टिक्स’चं इंग्रजी नाव दिलं, तर दुसरे लेखक म्हणून श्रीयुत स्टॅटिस्टिक्स हजर! मराठी ‘आणि’ त्याला कळत नाही, म्हणून साहित्य आणि संस्कृती मंडळ तुटलं नाही. पण शेवटचा शब्द आडनाव धरल्यामुळे तिथे श्री. मंडळ तयार झाले.

हे सुटलं. आडनाव स्वल्पविरामावर आपणच वेगळं काढून पर्सनमध्ये (आरची माणसाची नोंद) गिव्हन म्हणजे नाव आणि फॅमिली म्हणजे आडनाव हाताने भरायचं. संस्थेचं पूर्ण नाव गिव्हनमध्ये, फॅमिली रिकामी. मग बिबटेकमध्ये त्याला महिरपी कंस आपोआप लागतात आणि नाव तुटत नाही. (पुस्तकाला प्रकाशक नसेल तर नोंद होतच नाही, हा वेगळा वैताग. जुन्या पुस्तकांना मी चक्क ‘अज्ञात’ भरलंय.)

आता अडलंय ते इथे. बिबटेक फाइल ठीक आहे, पण सरांना दाखवायला आरमध्येच सूची छापली की ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’, 1898 च्या पुढे ‘राजवाडे वक’ येतं. वेलांटी गेली, काना गेला. सर म्हणाले, “हे वक कोण?” यावर उपाय काय?

उत्तर 1:
आर नावाचं पहिलं ‘अक्षर’ कापतो, पण त्याच्या लेखी ‘वि’ म्हणजे ‘व’ आणि वेलांटी अशी दोन चिन्हं. आद्याक्षरं आधीच काढून गिव्हनमध्ये भरलीत तरी तो परत कापेल, त्यामुळे छापायची ओळ स्वतःच जोडा. रेग्युलर एक्सप्रेशनमध्ये (मजकुरातला नमुना शोधायचं सूत्र) बॅकस्लॅश कॅपिटल एक्स (\X) वापरा, पर्ल चालू ठेवून (perl = TRUE). मात्रा सोबत येते.

धागाकर्ता:
राजवाडे जमले, वि. का. आलं! पण प्रल्हाद केशव अत्रे ‘प्. के.’ झाले. जोडाक्षराचं काय करू?

उत्तर 1:
एक्सच्या आधी ‘व्यंजन आणि हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), कितीही वेळा’ असा तुकडा जोडा. मग ‘प्र’ अखंड येईल, ‘श्रीधर’चा ‘श्री’सुद्धा. नोंदीत नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असलेली नावं असतील तर ती मात्र एकदा डोळ्यांखालून घाला.

धागाकर्ता:
प्र. के. आले. सरांना पाठवतोय.