बंद छापखान्याचा लिलाव: ट्रेडल आणि मराठी खिळे घ्यायचेत, सल्ला हवा

शाईचं_बोट:
नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्यातला एक जुना छापखाना कित्येक वर्षं कुलूपबंद होता, आता त्यातल्या सामानाचा जाहीर लिलाव निघालाय. ऑनलाइन नाही, समोरासमोर उघड बोली. यादीत एक क्राउन फोलिओ ट्रेडल (पायाने चालवायचं छपाईयंत्र), एक हाइडलबर्ग (स्वयंचलित छपाईयंत्र), कटिंग मशीन आणि शेवटी एकाच ओळीत "टाइप व केसेस, सरसकट". मी लिनोकट करते आणि हाताने बांधलेल्या वह्या विकते. मला ट्रेडल हवं आहे आणि जमतील तितके मराठी खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं; केसेस म्हणजे ती ठेवायच्या कप्प्यांच्या पेट्या. जागा तळमजल्यावर आहे, वीज सिंगल फेज. वाहतुकीसकट लाखभर रुपये घालू शकते. लिलाव मी फक्त सिनेमात पाहिलाय. काय तपासू, बोली कुठवर नेऊ? आणि हाइडलबर्गचा मोह धरावा का?

जुना_जुळारी:
ताई, हाइडलबर्गचं आधी संपवतो. नका धरू मोह. मशीन देखणं आहे, कागद स्वतः उचलतं, स्वतः ठेवतं, पण ते आजही कमावतं. बिलबुकांचं नंबरिंग, परफोरेशन, क्रीझिंग, डायकटिंग यासाठी ऑफसेटवाले ते शोधत असतात. त्यामुळे त्यावर बोली लावणारे धंदेवाले असतील आणि ते तुमच्या पुढे जातील. वजन टनाच्या वर, मोटर बहुधा थ्री फेज.

ट्रेडल मात्र तुमच्यासाठीच आहे. क्राउन फोलिओ म्हणजे १० बाय १५ इंच, वह्यांची कव्हरं, पत्रिका, छोटी पोस्टरं आरामात. पाहणीच्या दिवशी जाच, लिलावाच्या सकाळी जाऊन काही दिसत नाही. फ्लायव्हील (बाजूचं मोठं जड चाक) हाताने पूर्ण फिरवून बघा. जड चाललं तर घाबरू नका, वाळलेलं ग्रीस आणि शाई रॉकेलने सुटते. पण फिरताना एका ठिकाणी अडकत असेल किंवा खट्ट वाजत असेल तर दात किंवा शाफ्ट बघा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बिडाला (ओतीव लोखंडाला) तडा. बाजूचे दोन हात आणि बैठक टॉर्चने नीट न्याहाळा. रंगाखाली पितळी रेघ दिसली तर तिथे कधीतरी ब्रेझिंग झालंय, म्हणजे तडा पितळेने सांधलाय. ब्रेझिंग केलेलं मशीनही चालतं, पण मग भाव भंगाराचाच द्यायचा.

रोलर खराब असणार हे धरूनच चाला. सरस-ग्लिसरीनचे जुने रोलर पावसाळ्यात पाघळतात, उन्हाळ्यात तडकतात. आतले लोखंडी दांडे सरळ असले की पुरे, त्यांवर रबर चढवून मिळतं. रोलरच्या टोकांची चाकं, चेस (खिळे आवळून धरायची चौकट), थ्रो-ऑफची (छाप थांबवायची) दांडी जागेवर आहे का ते मोजून घ्या. या किरकोळ वस्तू शेजारच्या खोलीत पडलेल्या असतात आणि लिलावात वेगळ्याच ढिगात जातात. त्या यादीत ट्रेडलसोबत लिहून घ्या.

भंगारगल्ली:
आमचं घराणंच भंगाराचं, म्हणून दुसऱ्या बाजूचं गणित सांगतो. त्या खोलीत तुमच्या विरोधात कलावंत नसतील, आम्ही असू. आणि आम्ही मशीन बघतच नाही, वजन बघतो.

उदाहरण धरा (आकडे समजुतीपुरते, त्या आठवड्याचा भाव तुम्ही दोन दुकानांत विचारा). ट्रेडल ७०० किलो, बीड ३० रुपयांनी, म्हणजे २१ हजार. खिळे ३०० किलो, १५० रुपयांनी, म्हणजे ४५ हजार. बघा, आमच्या दृष्टीने खिळे मशीनच्या दुप्पट किमतीचे. शिसं, अँटिमनी, कथील, सगळं भट्टीत जातं. यातून आम्ही हमाली, टेम्पो आणि नफा वजा करतो, म्हणजे ६६ हजारांच्या मालावर आमची बोली बरीच अलीकडे थांबते. तुम्हाला फक्त त्या थांबण्याच्या एक पाऊल पुढे जायचंय. एकदम मोठा आकडा बोलू नका, नाहीतर समोरचे म्हणतात, बाईंना काहीतरी माहीत आहे.

आणि ट्रेडल व खिळे वेगळे विकणार असतील, आणि खिळे कोणी भंगारवाल्याने घेतले, तर हातपाय गाळू नका. "तीन वार" झाल्यावर बाहेर त्यालाच गाठा. दहा रुपये किलोमागे जास्त दिले की तो केसेससकट तुम्हाला हव्या त्या निवडू देईल. भट्टीपर्यंत नेण्याचा त्याचा खर्च वाचतो.

मुद्राराक्षस:
वरचं सगळं मान्य. खिळ्यांबद्दल मी लिहितो, कारण तिथे फसगत सोपी आहे. तीनशे किलो खिळे म्हणजे तीनशे किलो मजकूर नव्हे.

फाँट (एका आकाराच्या खिळ्यांचा पूर्ण संच) मराठीसाठी भरलेला आहे का, हे एका कप्प्यात कळतं: ळ. उत्तरेकडून आलेल्या, हिंदीसाठी भरलेल्या फाँटात ळ नसतोच किंवा चिमूटभर असतो. मग "बाळ", "माळ", "कोल्हापूरची तळमळ" कसं जुळवणार? त्याच फेरीत ऱ्य-ऱ्ह साठीचा अर्धा र बघा, आणि ल, श आपल्या वळणाचे आहेत का तेही. दुसरा कप्पा कान्याचा. मराठीत काना सर्वांत आधी संपतो, तो भरलेला असेल तर बाकी बहुधा ठीक.

झीज तपासायला पाच-सहा खिळे ओळीत धरून वरून भिंगाने बघा. कोपरे गोलावले असतील तर छापताना शिरोरेषा अक्षरागणिक तुटते. रफार आणि वेलांटीचे जे भाग खिळ्याबाहेर झुकलेले असतात ते मोडलेत का पाहा. व्हर्निअर (बारीक मापाची पट्टी) असेल तर खिळ्याची उंची मोजा, ०.९१८ इंच यायला हवी. आणि टाक्यांमध्ये ओतून ठेवलेले मिसळलेले खिळे? ते भंगार म्हणूनच धरा. वेगवेगळ्या आकारांचे खिळे निवडण्यात तुमचं एक वर्ष जाईल.

अवांतर: लाकडी ठोकळे आणि लग्नपत्रिकांचे गणपतीचे ब्लॉक कोपऱ्यातल्या पोत्यात सापडतात. वाळवी नसेल तर सोडू नका.

शाईचं_बोट:
केवढी माहिती! काका, काही केसेसमध्ये खिळ्यांवर पांढरी पूड आहे असं चौकीदार म्हणाला. धुतलं की जाईल ना? आणि घरात छापखाना ठेवायला परवाना लागतो का? बाबा म्हणतात मॅजिस्ट्रेटकडे जावं लागतं.

मुद्राराक्षस:
ती पूड शिशाची आहे, विषारी. फुंकू नका, कोरड्या ब्रशने झाडू नका. ओल धरलेल्या लाकडी केसेसमध्ये ती येते. पूड फार असेल तर खिळ्याचं तोंड (छापणारा भाग) खाल्लेलं असतं, ते घेऊच नका. थोडी असेल तर मास्क, हातमोजे, ओल्या फडक्याने पुसणं, आणि खिळे स्वयंपाकघरापासून आणि मुलांपासून लांब.

बाबांचं बरोबर होतं, पण १८६७ च्या कायद्यापुरतं. त्यात छापखाना ठेवणाऱ्याला मॅजिस्ट्रेटसमोर डिक्लेरेशन द्यावं लागे. तो कायदा आता गेला, त्याच्या जागी आलेला २०२३ चा कायदा नियतकालिकांचा आहे. वह्या आणि पत्रिका छापणार असाल तर त्याचा तुमच्याशी संबंध नाही.

सातारी_टेम्पो:
मशीन हलवणाऱ्याचं मत. बोलीपेक्षा उचलण्याचा खर्च आधी काढा. दरवाजाची रुंदी मोजा, छापखान्याची आणि तुमचीही. ट्रेडल कधीही फ्लायव्हीलला किंवा शाफ्टला पट्टा बांधून उचलू देऊ नका, शाफ्ट वाकला की संपलं. पट्टा बैठकीच्या मुख्य सांगाड्याला. वरची शाईची तबकडी आणि रोलर काढून वेगळे न्या. आत खोलीत हायड्रा (क्रेन) जात नाही, चेन पुली आणि लोखंडी पाइपवर सरकवायचं. खिळ्यांच्या केसेस भरलेल्या उचलू नका, तळ सुटतो. एकेक कप्पा पिशवीत घालून चिठ्ठी लावा.

नोटिशीत "जसं आहे, जिथे आहे" असेल, म्हणजे नंतर तक्रार नाही. अनामत कुठल्या नावाने डीडीने, बोलीवर जीएसटी किती आणि माल किती दिवसांत उचलायचा, ही तीन उत्तरं लेखी मिळवा. मुदत उलटली तर रोजचं भाडं लावतात. सर्वांत जास्त बोली म्हणजे माल तुमचा असंही नसतं, बऱ्याच ठिकाणी मंजुरी वरून यावी लागते. ती येईपर्यंत टेम्पो सांगू नका.

जुना_जुळारी:
ताई, पाहणी कधी आहे? मलाही १६ पॉइंटचा (पॉइंट म्हणजे अक्षराच्या आकाराचं माप) एक भरलेला फाँट हवाय. खिळे सरसकट निघाले तर तुमचा २४ आणि लाकडी ठोकळे, माझा १६, अशी वाटणी आधीच ठरवू आणि बोली एकानेच लावू. भिंग आणि व्हर्निअर माझ्याकडे आहे.

शाईचं_बोट:
बुधवारी, अकरा ते चार. या नक्की काका. ळ चा कप्पा आपण दोघं मिळून मोजू.