गिरणीच्या जमिनीखाली काय उरले असेल?
‘गिरणी बांधतानाच सगळे खणून झाले, आता नव्या इमारतीआधी पुरातत्त्वीय पाहणी कशाला?’ हा आक्षेप संपूर्ण आवाराला सारखा लागू होत नाही. नागपुरात जुम्मा तलावाजवळ १८७७ मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलसारख्या ठिकाणी बॉयलर आणि धुराड्याच्या पायांनी खालचे थर नष्ट केले असणार. मात्र मोकळे आवार भराव टाकून उंचावलेले असेल, तर त्याच भरावाने जुनी जमीन जपलेली असू शकते. म्हणून आधी गिरणीचे जुने नकाशे आजच्या मोजणी नकाशावर बसवून पाहावेत आणि माती परीक्षणाचे बोअर घेतले जातात तेव्हाच पुरातत्त्वज्ञाला तिथे बोलवावे, कारण भराव कुठे संपतो आणि मूळ काळी माती कुठे सुरू होते, हे नळीतून निघालेल्या मातीतच दिसते (अहवालात पुष्कळदा नुसते ‘भराव’ एवढेच लिहून मोकळे होतात). काळी माती उन्हाळ्यात भेगाळते व लहान खापरे भेगांतून खाली सरकतात. तेव्हा एखाद्या सुट्या खापरावरून थराचा काळ ठरवू नये. नागपूरलगत जुनापाणीला महापाषाणयुगीन शिळावर्तुळे (प्राचीन दफनांभोवती रचलेली दगडांची वर्तुळे) असल्यामुळे ही माती रिकामीच असेल, असे गृहीत धरता येत नाही. शिवाय गिरणीचे पायेही पुरावशेषच आहेत. ते उखडण्यापूर्वी त्यांची मोजमापे आणि छायाचित्रे घेतली जावीत.