मदत हवी आहे: 'नाव' म्हणजे होडी की ओळख, हे प्रोग्रामला कसं शिकवू?

वाक्यातल्या शब्दाचा नेमका अर्थ ओळखणारा छोटा प्रोग्राम लिहितोय. मायकेल लेस्क या संशोधकाची १९८६ची पद्धत घेतली: शब्दकोशातली व्याख्या आणि आजूबाजूचे शब्द ताडून पाहायचे. पण व्याख्येत 'पाणी' आणि वाक्यात 'पाण्यात', मग जुळणार कसं?

'नाव बुडाली' आणि 'नाव बुडालं' यातली होडी कोणती, हे क्रियापदाच्या लिंगावरून कळतं. तेवढं जमलं. 'नावेत', 'नावात' तर सोपंच. घोडं अडतं ते 'घराण्याची मान खाली गेली' इथे. इथे अर्थ अब्रूचा, पण स्त्रीलिंग दिसलं की प्रोग्राम 'मान' म्हणजे सरळ गळा पकडतो! (हसा, मीही हसलो.)

आधी मूळ रूपं काढून घेऊ, की लेस्क सोडून बर्टसारखं (भरपूर मजकूर वाचून संदर्भावरून शब्दाचा अर्थ शिकलेलं) मॉडेल वापरू? हाताने अर्थ लावलेली वाक्यं जेमतेम दोनशे आहेत. आणि वाक्प्रचारांची वेगळी यादी ठेवता का कोणी?