थंडीत गाडीचं ॲव्हरेज पडतं का? आपापले अनुभव सांगा

तीच गाडी, तोच रस्ता, चालवणारा पण मीच, तरी थंडी पडली की माझं ॲव्हरेज १७ वरून १४ वर येतं. टाकी फुल टू फुल मोजलंय, डिस्प्लेवर विसंबून नाही. पंपावर मापात मारतात की काय असा पण संशय येऊन गेला. तुमचं काय होतं ते लिहा, आकड्यांसकट.

---

रोजचं अंतर किती ते आधी सांग. माझं ऑफिस ४ किमीवर, म्हणजे इंजिन नीट तापेपर्यंत पार्किंग आलेलं असतं. गार इंजिनात पेट्रोलची वाफ धड होत नाही म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जास्तीचं पेट्रोल सोडतो, त्यात इंजिन ऑइल घट्ट, गिअरबॉक्सचं ऑइल घट्ट, सगळं ओढत न्यायचं. हायवेला दोन तास सलग गेलो की फरक जेमतेम. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा आकडा आहे, २५ अंशांऐवजी उणे ७ असेल तर शहरात पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज साधारण १५ टक्के कमी, आणि ५-६ किमीच्याच फेऱ्या असतील तर २४ टक्क्यांपर्यंत.

---

आमचे बाबा अजून सकाळी दहा मिनिटं गाडी नुसती घरघरवत ठेवतात, चोक ओढायच्या जमान्यातली सवय. त्या दहा मिनिटांचं ॲव्हरेज शून्य हे त्यांना पटत नाही. इंजेक्शनवाली गाडी अर्ध्या मिनिटात काढायची आणि सुरुवातीला हळू चालवायची, चालत्या गाडीत इंजिन लवकर तापतं.

---

हवा बघा हवा! तापमान ५-६ अंश उतरलं की टायरमधली साधारण १ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) जाते, पंक्चर नसलं तरी.

---

माझं वेगळंच निघालं. मेकॅनिक म्हणे थंडी आहे, होणारच, मी पण गप्प बसलो. पण तासभर चालवली तरी टेम्परेचरचा काटा अर्ध्यावर येईना, हीटर कोमट. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, उघडाच अडकलेला, इंजिन कायम अर्धकच्चं! बदलल्यावर ॲव्हरेज बरंचसं परत आलं.

---

हायब्रिडवाल्यांनी तर बोलूच नये. सिग्नलला इंजिन बंद पडायला हवं तर हीटरला गरम पाणी पाहिजे म्हणून चालूच राहतं, आणि गार बॅटरी चार्ज पण नीट घेत नाही.

---

धागाकर्ता: आत्ताच हवा चेक केली, ३३ पाहिजे तिथे २७. अंतर ३ किमी, दिवसातून दोनदा. आणि हो, मुलीचा क्लास सुटेपर्यंत हीटर लावून, गाडी चालू ठेवून आत बसलेला असतो तो मीच. पंपवाल्यावरचा संशय मागे.