मदत हवी आहे : विणकामाची सात कामे अर्धवट पडली आहेत, आधी कोणते हाती घ्यावे?

रानजाई (फोंडा)
नमस्कार. माझ्याकडे विणकामाची सात कामे अर्धवट पडून आहेत आणि त्यांतील एकही पुढे सरकत नाही. वडिलांच्या बिनबाह्यांच्या स्वेटरची पाठ झाली असून पुढचा भाग काखेपर्यंत आला आहे, मोज्यांच्या जोडीतील एकच मोजा पूर्ण आहे, सुती दोऱ्याचा जाळीदार टॉप गळ्याशी अडला आहे. शिवाय दोन मफलर, एक शाल आणि बाळाचे ब्लँकेट आहे. दुपारी मुलगा शाळेतून येईपर्यंत मला दीड तास मिळतो. तेवढ्यात मी एक पिशवी उघडते, नमुन्यात कोणत्या ओळीवर थांबले होते ते शोधते, तोवर वेळ संपतो आणि दुसऱ्या दिवशी भलतीच पिशवी हातात येते. ब्लँकेट डिसेंबरपूर्वी हवे आहे. आधी कोणते काम घ्यावे आणि बाकीच्यांचे काय करावे, एवढेच नेमके सांगावे. कृपया लवकर उत्तर द्यावे.

मांडवीकाठ (पणजी)
रानजाईताई, याला एकच उपाय आहे आणि तो मी स्वतः पाळते. एका वेळी एकच काम सुयांवर ठेवावे. बाकीच्या सहा कामांतील टाके जाड सुती दोऱ्यावर उतरवून घ्यावेत, दोऱ्याची टोके बांधावीत आणि पिशव्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवाव्यात. सुया मोकळ्या झाल्या की मनाची ओढाताण थांबते. हातातले काम पूर्ण झाल्याशिवाय दुसरी पिशवी खाली काढायचीच नाही.

उलटसुलट (डिचोली)
मांडवीकाठ यांच्याशी मी सहमत नाही. एकच काम हातात असले आणि ते किचकट असले, तर सुया आठवडेच्या आठवडे हातात घेतल्या जात नाहीत, हा माझा अनुभव आहे. दोन कामे असावीत. एक न पाहता होणारे, सरळ सुलट ओळींचे. दुसरे मोजून, कागद समोर ठेवून करायचे. चवथीला गणपतीवर फळाफुलांनी बांधलेल्या माटोळीखाली पाहुणे बसलेले असताना जाळीचे टाके मोजता येत नाहीत, पण मफलर चार बोटे पुढे जातो.

मांडवीकाठ (पणजी)
दोनाची चार आणि चाराची सात अशीच होतात. त्यांची झालीच आहेत.

सत्तरीची सून (वाळपई)
क्रम ठरवण्याआधी प्रत्येक काम का थांबले हे कळायला हवे, कारण कंटाळ्याने थांबलेले काम आणि चुकल्याने थांबलेले काम यांचा उपाय एक नसतो. ब्लँकेट कुठे अडले? लोकर कोणती आहे, सुई किती नंबरची आहे, टाके किती घातले आहेत? आणखी एक : मोजा पोलादी सुयांवर तसाच असेल, तर आजच टाके दोऱ्यावर उतरवावेत. आपल्याकडच्या पावसाळी हवेत पोलादी सुयांना गंज चढतो आणि त्याचा तांबूस डाग लोकरीतून जात नाही. माझ्या एका पांढऱ्या मोज्याचे असे झाले होते.

सावरीचे झाड (मडगाव)
बाळासाठी क्रोशाचे ब्लँकेट करावे, असे मी सुचवीन. आमच्या शेजारच्या आजी क्रोशाच्या लेसचे टेबलावरचे रुमाल करत असत आणि त्यांच्याकडूनच मी शिकले. क्रोशात एका वेळी एकच टाका आकड्यावर असतो, त्यामुळे काम मध्येच सोडले तरी ओळभर टाके निसटण्याची भीती नसते. खांबाचे, म्हणजे उभ्या लांब टाक्यांचे, चौकोन करत गेल्यास प्रवासातही काम होते.

रानजाई (फोंडा)
मी क्रोशाबद्दल विचारलेले नाही. ब्लँकेट अर्धवट असताना नवे काम सुरू केले, तर ते आठवे होईल. सत्तरीची सून यांनी विचारले म्हणून सांगते : लोकर ॲक्रिलिकची आणि जाड आहे, १०० ग्रॅमचे पाच गुंडे घेतले होते, सुया आठ नंबरच्या आहेत, १३५ टाके घातले असून दोन्ही बाजूंनी सुलट विणत आहे. ११ इंच झाले आहे. थांबले याचे कारण ते मनासारखे होत नाही. अरुंद आणि ताठ वाटते. मोजा पोलादी सुयांवरच होता, तो आत्ताच दोऱ्यावर घेतला.

सत्तरीची सून (वाळपई)
फूटपट्टी ठेवून ४ इंचांत किती टाके बसतात ते मोजावे. आणि नमुना कुठला आहे?

रानजाई (फोंडा)
२२ टाके बसतात. नमुना एका अमेरिकन संकेतस्थळावरून उतरवलेला आहे. त्यात रुंदी ३० इंच, लांबी ३६ इंच आणि ४ इंचांत १८ टाके असे लिहिले आहे. नमुन्यात आठ नंबरच सांगितला आहे आणि मी आठ नंबरच वापरला आहे. त्याने काय फरक पडतो?

सत्तरीची सून (वाळपई)
सगळा फरक तिथेच पडला आहे. आपल्या दुकानांत सुया जुन्या ब्रिटिश नंबरांनी मिळतात. त्या पद्धतीत आठ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, आणि नंबर वाढत जातो तशी सुई बारीक होत जाते. अमेरिकेत नंबर वाढतो तशी सुई जाड होते आणि तिथला आठ नंबर ५ मिलिमीटरचा असतो. आपल्याकडे ५ मिलिमीटरला सहा नंबर म्हणतात. ४ इंचांत २२ टाके म्हणजे इंचाला साडेपाच, म्हणून तुमचे १३५ टाके साडेचोवीस इंचांतच संपतात; साडेचार टाक्यांच्या हिशेबाने ते बरोबर ३० इंच व्हायला हवे होते. ताठपणाही त्यामुळेच आला आहे, कारण जाड लोकर बारीक सुईवर दाटून बसते. तुमचा हात चुकलेला नाही.

उलटसुलट (डिचोली)
मग उसवू नये. साडेतीस इंच उंची झाली की चारही बाजूंनी टाके उचलून पावणेतीन इंचांची किनार जोडावी, रुंदी भरून निघेल. दोन्ही बाजूंनी सुलट विणलेल्या कापडाला कडेने दर दोन ओळींना एक उंचवटा असतो. प्रत्येक उंचवट्यामागे एक टाका उचलला की किनार ओढलीही जात नाही आणि फुगतही नाही. ११ इंचांची मेहनत वाया घालवणे मला पटत नाही.

मांडवीकाठ (पणजी)
किनार जोडून ताठपणा कसा जाईल? बाळाच्या अंगाभोवती ते गुंडाळायचे आहे. उसवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सत्तरीची सून (वाळपई)
रानजाईताई, वाद बाजूला ठेवून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर झालेला तुकडा ठेवा.

रानजाई (फोंडा)
सुया काढून वजन केले. १४० ग्रॅम भरले.

सत्तरीची सून (वाळपई)
साडेचोवीस गुणिले ११ म्हणजे साधारण २७० चौरस इंच. पूर्ण ब्लँकेट १०८० चौरस इंचांचे, म्हणजे चौपट. याच घट्ट विणीने ५६० ग्रॅम लोकर लागेल आणि तुमच्याकडे ५०० ग्रॅम आहे. किनार करताना शेवटी लोकर कमी पडेल, आणि तोवर त्याच रंगछटेचा गुंडा दुकानात मिळेलच असे नाही; रंग एकच असला तरी रंगवण्याची खेप बदलली की जोड उन्हात दिसून येतो. सहा नंबरच्या सुईवर मोकळी वीण पडली की लोकर कमी लागेल, साधारण ४६० ग्रॅम. उसवायचा आहे तो एकचतुर्थांश भागच.

उलटसुलट (डिचोली)
हा हिशेब मी केला नव्हता. अशा स्थितीत उसवणेच योग्य आहे. उसवलेली लोकर कुरळी राहते, म्हणून लडी करून कोमट पाण्यात बुडवावी आणि पंख्याखाली टांगून वाळवावी. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री किंवा वाफ मात्र देऊ नये, त्याने लोकर कायमची निर्जीव होते.

सावरीचे झाड (मडगाव)
विणून झाल्यावर बाळाच्या ब्लँकेटमध्ये डांबर गोळ्या ठेवू नयेत, एवढे तरी माझे ऐकावे. त्यांतील नॅप्थलीनमुळे काही नवजात बाळांच्या, विशेषतः जी-सिक्स-पीडी या घटकाची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या, रक्तपेशी फुटून कावीळ वाढू शकते. ॲक्रिलिकला तशीही कसर लागत नाही.

रानजाई (फोंडा)
सर्वांचे आभार. सावरीचे झाड, मघाशी मी तुटकपणे बोलले, त्याबद्दल क्षमा असावी. गोळ्या मी खरोखरच ठेवणार होते. काल रात्री ब्लँकेट उसवले. सहा नंबरच्या सुया आणून आज दुपारी माप पाहायला छोटा तुकडा विणला, ४ इंचांत १८ टाके बसले आणि कापड हातात मऊ लागते आहे. वडिलांचा स्वेटर सोडून बाकी कामे दोऱ्यावर उतरवून ठेवली आहेत. स्वेटर साधा आहे, म्हणून तो उलटसुलट यांनी सांगितल्याप्रमाणे न पाहता करायचे काम म्हणून राहील. शाल उघडून पाहिली, तर तिचाही नमुना अमेरिकन निघाला आणि तीही मी आपल्या नंबरांनीच विणत होते. तिच्या ४ इंचांत किती टाके बसतात ते मोजून उद्या इथेच लिहिते.