नॉक्टुआचा कूलर काळा स्प्रे मारला तर चालेल का?

गरमडोकं:
मंडळी, नॉक्टुआचा सेकंड हँड एनएच-डी15 (कॉम्प्युटरचा प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर) मिळालाय. कूलिंगबद्दल तक्रारच नाही, पण ते चहा-बिस्किट रंगाचे फॅन आणि चकचकीत फिन्स (धातूच्या पातळ पट्ट्या) माझ्या काळ्या कॅबिनेटच्या काचेतून असे डोळ्यात खुपतात की विचारू नका. काळं व्हर्जन 2019 पासून आहे हे माहितीये, पण नुसत्या रंगासाठी परत तेवढे पैसे घालवायचे नाहीयेत. मॅट ब्लॅकचा कॅन आणून फॅन, हीटसिंक (फिन्सचा धातूचा गठ्ठा) सगळंच मारलं तर टेंपरेचर वाढेल का? मित्र म्हणतो अलॉय व्हीलवाल्याकडे पावडर कोटिंगच करून घे.

सोल्डरवाला:
पावडर कोटिंगचं नावही काढू नकोस. ते 180-200 डिग्रीला भट्टीत भाजतात आणि हीटपाईपमध्ये (तळाची उष्णता फिन्सकडे नेणाऱ्या नळीत) थोडं पाणी सीलबंद असतं, 200 ला त्याचं प्रेशर 15 बारच्या वर जातं, पाईप फुगला की कूलर भंगारात. शिवाय बऱ्याच कूलरमध्ये फिन्स जोडायला टिन-बिस्मथचं सोल्डर वापरतात ते 138 लाच वितळतं. इंजिनचा हाय टेंपरेचर पेंटही नको, त्यातले बरेचसे भाजल्याशिवाय पक्के होत नाहीत आणि तुझे फिन्स काही 80 च्या वर जाणार नाहीत, साधा अ‍ॅक्रिलिक स्प्रे पुरे.

बिनफॅनचा:
काळा रंग उलट उष्णता जास्त फेकतो ना? म्हणजे फायदाच की.

सोल्डरवाला:
फॅन नसेल तर थोडा होतो रे. इथे सगळं काम हवा करते आणि फिन्स एकमेकांकडेच तोंड करून बसलेत, त्यामुळे शून्य धर. तोटाही फार नाही म्हणा, 50 मायक्रॉनचा थर म्हणजे उष्णतेला फिनमधून हवेत जाताना जो अडथळा असतो त्याच्या जेमतेम एक-दोन टक्के. खरा घोळ जाड मारलं की होतो, दोन फिन्सच्या मध्ये रंगाचा थेंब अडकतो आणि तिथेच वाळतो, मग हवेची वाटच बंद. आणि काचेतून दिसतं काय तर वरचा फिन आणि कडा. तेवढंच रंगव, आत नोझल घालून मारायची काहीच गरज नाही.

रात्रीचा_रेंडर:
फॅनच्या पात्यांना हात लावू नकोस असं माझं स्पष्ट मत. एका पात्यावर रंग जास्त बसला की बॅलन्स जातो, घरघर सुरू, आणि बेअरिंगमध्ये स्प्रे गेला तर संपलाच. फ्रेम रंगवायची तर कोपऱ्यातले रबर पॅड काढ, पाती आणि मधला हब टेपने झाक, प्लॅस्टिकचा प्रायमर आधी. खरं तर काळे फॅनच घे, फक्त बाजारातला कुठलाही 140 मिमीचा उचलू नकोस, डी15 च्या क्लिपा 120 मिमी फॅनच्या होल्सच्या मापाच्या आहेत, चौकोनी 140 वाला बसणार नाही.

गरमडोकं:
ओके, मग फॅन विकतच घेतो, हीटसिंक रंगवतो. पण आमच्या ठाण्यात पाऊस धो धो, गच्चीवर जाता येत नाही. किचनच्या बाल्कनीत मारलं तर?

सोल्डरवाला:
किचनला लागून असेल तर नाहीच. कॅनमधला गॅस बहुतेक एलपीजीसारखाच पेट घेणारा असतो, पलीकडे शेगडी नाहीतर देवापुढे दिवा चालू असला तर भडका उडेल. साधा एन95 लावून थिनरची वाफ अडत नाही, त्याला ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजवाला मास्क लागतो. आणि दमट हवेत असा स्प्रे (लॅकर) मारला की काळ्यावर पांढुरका धूर बसल्यासारखा येतो, मॅटवर तर लगेच दिसतो. उघडीप मिळेपर्यंत थांब.

मग असं कर: तळाच्या तांब्याच्या प्लेटवर मास्किंग टेप पक्का दाबून लाव, तिथे रंगाचा कणही नको, स्क्रू-स्प्रिंगही झाक. बोटांचं तेल आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पूस, वरचा फिन बारीक पॉलिशपेपरने हलकेच घास कारण निकेलवर रंग नुसता पकडत नाही, वरून एच (etch) प्रायमरचा, म्हणजे धातूला पकड धरणाऱ्या प्रायमरचा, एक हात. कॅन चांगला हलवून पहिला फवारा पुठ्ठ्यावर मार, कारण नोझल सुरुवातीला थुंकतं. मग वीत-दीड वीत लांबून तिरपा, हात सतत फिरता ठेव, पातळ कोट आणि मध्ये दहा-पंधरा मिनिटं. खालचा चंदेरी दिसला म्हणून लगेच परत मारू नकोस.

गरमडोकं:
आणि बसवायचा कधी?

सोल्डरवाला:
कॅनवर लिहिलेला वेळ पूर्ण जाऊ दे, पावसाळ्यात वर एक दिवस धर. हाताला लागत नसेल पण नाक जवळ नेल्यावर थिनरचा वास येत असेल तर अजून बसवू नकोस.